गुरगुरू द्या त्याला

पत्र, थोडं कापून देतेय:

"ताई, आम्ही चोपड्याचे. दीड वर्षापूर्वी मुलाने कपाशीच्या शेतातून एक पिल्लू उचलून आणलं, बाळ्या नाव ठेवलं. लहान होता तोवर सगळ्यांचा लाडका होता. आता गच्चीवर साखळीला असतो, कारण दूधवाला आला, गॅसवाला आला की वेड्यासारखा भुंकतो. शेजारच्या काकू रोज म्हणतात, तुमना कुत्रा रातभर भुकस, आमले झोप नही. सासरे, म्हणजे नाना, जुन्या वळणाचे, ते म्हणतात कुत्राले धाक जोयजे, आणि काठी घेतात. आधी बाळ्या गुरगुरायचा. नानांनी दोनचार वेळा दिल्यावर गुरगुरणं बंद झालं, आम्हाला वाटलं सुधारला. मागच्या रविवारी नाना त्याची वाटी उचलायला वाकले आणि त्याने काही आवाज न करता सरळ हात धरला. थोडं रक्त आलं, हळद दाबली, आता खपली धरलीय. मिस्टरांनी ऑनलाइन करंटचा पट्टा मागवलाय, रिमोटवाला. नाना म्हणतात तापीपल्याड शेतात सोडून या. मुलगा ९ वर्षांचा आहे, रडून रडून अर्धा झालाय. पट्टा लावू का सोडून देऊ, तुम्ही म्हणाल ते करेन."

ताई, पट्ट्याचं नंतर बोलू. आधी नानांचा हात.

रक्त आलंय म्हणजे ही नुसती खरचट नाही. डॉक्टर लोक चावण्याच्या तीन श्रेणी करतात, त्यात रक्त आलेली जखम तिसऱ्या श्रेणीत जाते आणि तिला लसीबरोबर जखमेत भरायचं सीरमचं इंजेक्शनही लागतं. खपली धरली, दुखत नाही, कुत्रा घरचाच आहे, यातलं एकही कारण रेबीजला माहीत नसतं. लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि त्याच्या आधी उपचार पूर्ण झाले तर हा आजार टळतो, इतकं ते सरळ आहे. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते, आजच घेऊन जा, हे वाचून झाल्यावर नाही तर आत्ताच कोणाला तरी गाडी काढायला सांगा. लस दंडात दिली तर साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८, यात ० म्हणजे पहिला डोस पडला तो दिवस. रविवार होऊन गेला, आता काय उपयोग, असं नाना म्हणतील, त्यांना सांगा की उशीर झालाय म्हणूनच आज जायचंय.

बाळ्याला रेबीजची लस दिलीय का ते पत्रात नाही. दिली असेल तर त्याचं कार्ड डॉक्टरांना दाखवा, पण कार्ड आहे म्हणून दवाखाना चुकवू नका. आणि चावला त्या दिवसापासून १० दिवस बाळ्यावर नजर ठेवायचीय, खातो का, पाणी पितो का, चाल बदलली का, आवाज बदलला का, लाळ गळतेय का. काही वेगळं दिसलं तर लगेच जनावरांच्या डॉक्टरांना कळवा. आता मला सांगा, तापीपल्याड सोडून आलात तर ही नजर कोण ठेवणार?

पुढे कधी कोणाला चावा बसला, ओरखडा जरी निघाला तरी, वाहत्या नळाखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद नको, मिरची नको, चुना नको, तेल नको. आपल्याकडे अजून जखमेत तिखट भरणारी घरं आहेत, मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

आता बाळ्याकडे येते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "गुरगुरणं बंद झालं, आम्हाला वाटलं सुधारला." ताई, सगळं तिथेच बिघडलं. गुरगुरणं म्हणजे कुत्र्याची बोली आहे, तो म्हणतो की मला भीती वाटतेय, जरा लांब व्हा. आणि गुरगुरण्याच्या आधीही तो बरंच काही सांगून झालेला असतो, फक्त आपलं लक्ष नसतं. तोंड बाजूला वळवतो, नाक चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, खाता खाता एकदम थांबतो किंवा उलट भराभर गिळायला लागतो, मान तिथेच आणि डोळा तेवढा तुमच्याकडे फिरतो, कडेचं पांढरं दिसतं, अंग लाकडासारखं ताठ होतं. हे सगळं करूनही समोरचा ऐकत नाही म्हटल्यावर तो गुरगुरतो. म्हणजे ती शेवटची विनंती असते. नानांच्या काठीने ती विनंती बंद केली, भीती होती तशीच राहिली, उलट वाढली, कारण आता वाटीपाशी येणारा माणूस म्हणजे काठी हे त्याला पक्कं कळलं. मग त्याच्याकडे उरलं काय? दातच.

हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. आमचं शेत एरंडोलकडे, मी लहान असताना मोटारीच्या खोलीपाशी एक काळा कुत्रा बांधलेला असायचा, काळ्याच म्हणायचो. निंबाला खुंटी, खुंटीला साखळी, आणि साखळी जिथवर पोचायची तिथवर जमिनीवर एक गोल झाला होता, पावसाळ्यात सगळ्या बांधाला गवत यायचं पण त्या गोलात एक काडी उगवायची नाही, नुसती घट्ट, गुळगुळीत माती. त्याच्या गळ्याभोवतीचे केस गेले होते, तिथे कातडी राखाडी आणि जाड झाली होती, हात लावला की खरखरीत लागायची. तो गुरगुरला की वडील काठी आपटायचे, कधी त्याच्यावर कधी जमिनीवर. एका उन्हाळ्यात तो गुरगुरायचा थांबला आणि घरात सगळे खूश, कुत्रा शहाणा झाला. आखाजीला पाहुणे आले होते, माझा मामेभाऊ चेंडू आणायला त्या गोलात गेला, आणि काळ्याने त्याचा दंड धरला. आवाज नाही, काही नाही. भाऊ बरा झाला, १४ इंजेक्शनं घेतली त्याने पोटात, तेव्हा तशीच असायची. काळ्याला दुसऱ्या दिवशी टेम्पोत टाकून गिरणेच्या पुलाच्या पलीकडे सोडलं. मी ११ वर्षांची होते, टेम्पोच्या मागे बसले होते. तो टेम्पोमागे पळत आला बराच वेळ, साखळीचा तुकडा तसाच गळ्यात, तो रस्त्यावर वाजत होता. वडील वाईट माणूस नव्हते, त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. पण मला त्या साखळीचा आवाज अजून ऐकू येतो, आणि तुमच्या मुलाला तो ऐकायला लागू नये असं मला फार वाटतं.

तर पट्टा. तो आला असेल तर परत पाठवा, परत घेत नसतील तर पैसे गेले समजा. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१० पासून असले करंटचे पट्टे वापरायला बंदी आहे, उगाच नाही. मिस्टरांचं म्हणणं असेल की बारीकसाच झटका असतो. झटका बारीक का मोठा हा प्रश्नच नाही. कुत्रा झटक्याचं कारण आपल्यासारखं शोधत नाही, झटका बसला तेव्हा समोर जे होतं त्याला तो जोडतो. बाळ्या दूधवाल्याकडे बघून भुंकला, मिस्टरांनी बटण दाबलं, तर बाळ्याच्या डोक्यात काय बसेल? मी भुंकलो म्हणून दुखलं असं नाही, दूधवाला आला की दुखतं असं. आणि समजा त्याच वेळी तुमचा मुलगा दप्तर घेऊन बाजूने गेला तर? रशियातल्या पावलॉव नावाच्या शास्त्रज्ञाने शंभर वर्षांहून आधी दाखवलं की जेवणाच्या आधी ठरावीक आवाज केला तर कुत्र्याला पुढे नुसत्या आवाजानेही लाळ सुटते. लाळ सुटते तशी भीतीही सुटते, त्याच रस्त्याने. भुंकणं कदाचित थांबेल, नाही म्हणत नाही. गुरगुरणंही थांबलंच होतं की.

पण तोच रस्ता आपल्याला उलटा वापरता येतो, आणि सगळी शिकवण त्याच्यावरच उभी आहे. दूधवाला आला की चांगलं काहीतरी मिळतं, नाना वाटीजवळ आले की चांगलं काहीतरी मिळतं, एवढंच बाळ्याच्या डोक्यात बसवायचंय.

त्याच्याआधी मात्र एकदा जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, जाताना अनुभवी माणूस बरोबर असू द्या आणि तोंडाला जाळीची टोपली मिळाली तर ती बांधा, कापडाने तोंड आवळू नका, त्याला धापा टाकता आल्या पाहिजेत. अचानक चावऱ्या झालेल्या कुत्र्याचं कधी कधी काहीतरी दुखत असतं, कान सडलेला असतो, दात हलत असतो. शेतातलं पिल्लू आहे म्हणजे गोचीड असणारच, बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत बघायला सांगा. गोचिडाने ताप येतो, कुत्रा मलूल होतो, कधी नाकातून रक्तही येतं, आणि अंगात ताप असलेल्या जनावराला हात लावला तर ते चिडणारच. रेबीजची लस राहिली असेल तर ती कधी द्यायची हे चावल्याचं सांगून डॉक्टरांना विचारा, नंतर दर वर्षी न चुकता. नसबंदीचंही विचारून घ्या. नसबंदीने भटकणं कमी होतं, नको असलेली पिल्लं होत नाहीत, ते महत्त्वाचं आहेच, पण घाबरून चावणारा कुत्रा ऑपरेशनने आपोआप शांत होतो असं कोणी सांगितलं तर त्या भरवशावर राहू नका.

आता गच्ची. ताई, आपलं ऊन तुम्हाला मी काय सांगू, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि गच्चीची फरशी पायाला चटका देते. आपल्याला घाम येतो, कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा येतो तेवढाच, बाकी सगळी गरमी तो तोंड उघडून धापा टाकत बाहेर काढतो. पत्र्याची शेड म्हणजे सावली नाही, ती दुपारी तव्यासारखी तापते. दिवसा त्याला खाली घरात घ्या, जिन्याखाली, मोरीजवळ, जिथे गार असेल तिथे गोणपाट टाका, पाण्याला पसरट मातीचं परळ ठेवा आणि ते त्याच्या धक्क्याने पालथं होणार नाही असं बसवा. फिरवायचं सकाळी साडेपाच-सहाला नाहीतर रात्री आठनंतर. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजतात. आणि धाप थांबत नाही, जीभ गडद लाल झालीय, लाळ चिकट झालीय, चालताना झोकांड्या जातायत असं दिसलं तर ती उष्माघाताची खूण आहे, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, बर्फाचं नको, पंख्याखाली ठेवा आणि त्याच पायी डॉक्टरांकडे.

हे मी भुंकण्याच्या उत्तरातच लिहितेय, विषय सोडून नाही. तरणा कुत्रा, दीड वर्षाचा, दिवसभर चार फुटांच्या साखळीवर, उन्हात, करायला काही नाही, आणि वरून सगळी गल्ली दिसते. भुंकणं हे त्याचं एकुलतं एक काम आहे, आणि ते काम त्याला फळतंही, कारण दूधवाला येतो, बाळ्या भुंकतो, दूधवाला निघून जातो. त्याला वाटतं मीच घालवला. रोज सकाळी तो जिंकतो, मग सोडेल कशाला? रात्रीही तेच, गच्चीवरून चौकातली गावकुत्री दिसतात, ती एक बोलली की हा उत्तर देतो. काकूंची झोप वाचवायची असेल तर पहिला उपाय शिकवण नाही, पहिला उपाय म्हणजे रात्री बाळ्याला गच्चीवरून खाली आणणं. दोन वेळा अर्धा-अर्धा तास फिरवा, फरफटत नाही, त्याला हुंगू द्या, कुत्र्याला हुंगणं म्हणजे आपल्याला पेपर वाचणं आहे, त्याने तो थकतो आणि थकलेला कुत्रा झोपतो. काकूंना जाऊन सांगा की महिनाभर आम्ही यावर काम करतोय. माणसं बहुतेक वेळा ऐकून घेतात जर त्यांना दिसलं की आपण काहीतरी करतोय.

दूधवाल्याचं असं करा. तो किती वाजता येतो तुम्हाला माहीत आहे, त्याच्या मोटरसायकलचा आवाजही बाळ्या तुमच्या आधी ओळखतो. दोन-चार दिवस त्या वेळेला बाळ्याला घेऊन घराच्या आतल्या खोलीत बसा, जिथून आवाज येतो पण दूधवाला दिसत नाही. आवाज आला रे आला की भुंकायच्या आधी तोंडात तुकडा. आवाज आहे तोवर तुकडे, आवाज गेला की तुकडे बंद. नखाएवढे तुकडे करायचे, पोट भरायचं नाहीये. काही दिवसांनी तुम्हाला दिसेल की मोटरसायकल वाजली की तो दाराकडे धावायच्या ऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतो, माझा तुकडा कुठाय म्हणून. तो क्षण आला की समजा गाडी रुळावर आली. मग हळूहळू दाराच्या जवळ. भुंकला तर ओरडू नका, तुमचं ओरडणं त्याला वाटतं तुम्हीही त्याच्याबरोबर भुंकताय, फक्त चार पावलं मागे या, आपण घाई केली असा त्याचा अर्थ.

सोबत त्याला गोणपाट शिकवा. माझ्याकडे आता जी कुत्री आहे तिला मी असंच शिकवलं, कांद्याची रिकामी गोणी अंथरली आणि गप्प उभी राहिले. तिने सहज एक पाय टाकला, मी "हो" म्हटलं आणि तुकडा दिला. "हो" त्याच क्षणाला म्हणायचं, एक-दीड सेकंद गेला की कुत्र्याला कळत नाही कशाबद्दल मिळालं. मग दोन पाय, मग चार, मग बसली तर, मग मी एक पाऊल लांब जाऊन परत आले तरी बसून राहिली तर. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा, त्याच्या वर नाही. घरी कोणी आलं की आता ती आपणहून गोणीवर जाऊन बसते. कुत्र्याला "भुंकू नको" हे शिकवणं अवघड असतं कारण त्याने करायचं काय ते त्यात कुठे सांगितलेलंच नसतं. "गोणीवर जा" हे त्याला कळतं.

तुकडे कशाचे? उकडलेलं चिकन हाडाशिवाय, उकडलेलं अंडं, पनीर, नाहीतर आपली केळी आहेतच, केळ्याचे बारीक तुकडे कुत्री आवडीने खातात, फक्त थोडेच. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, ती तुटून टोचतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका विषासारखी. आणि हे आपल्या घरांना मुद्दाम सांगते, कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला घातक असतात, म्हणजे उरलेली शेवभाजी, कांद्याची पात घातलेलं भरीत, काल रात्रीचा काळ्या मसाल्याचा रस्सा भाकरीत कुस्करून त्याच्या वाटीत ओतायचा नाही. कोरडी भाकरी, वरणातली फोडणीआधीची डाळ, अंडं, चिकन चालेल.

आता वाटी, जिच्यावरून एवढं झालं. बरेच जण सांगतात की कुत्र्याच्या तोंडातून वाटी काढून घ्यायची आणि परत द्यायची, म्हणजे त्याला मालक कोण ते कळतं. कृपा करून हे करू नका. तुम्ही जेवायला बसलात आणि रोज कोणी ताट ओढून नेलं तर तुम्ही त्याला मालक मानाल का, तुम्ही ताटावर वाकून जेवायला लागाल. पहिले काही दिवस बाळ्याला एका कोपऱ्यात खायला द्या, कोणी जवळ जायचं नाही, मुलाने तर नाहीच. वाटी उचलायची ती तो तिथून उठून दुसऱ्या खोलीत गेल्यावर. मग तुम्ही लांबून, सात-आठ फुटांवरून, तो खात असताना जा आणि वाटीच्या दिशेने चिकनचा तुकडा टाका, आणि न थांबता निघून जा. बघायचं नाही, वाकायचं नाही, बोलायचं नाही. त्याच्या वाटीत भाकरी आहे, तुम्ही चिकन टाकताय, म्हणजे तुमचं येणं फायद्याचं. असं रोज, आणि मान वर करून शेपटी सैल सोडून तो तुमची वाट बघायला लागला की अर्धा फूट जवळ. ताठ झाला, भराभर गिळायला लागला तर परत लांब. याला दिवस लागतात, कदाचित महिने, आणि घाई करणाऱ्याचाच हात परत सापडतो.

आणि मधे कधी तो गुरगुरला तर? गुरगुरू द्या त्याला. थांबा, मागे या, आणि मनातल्या मनात त्याचे आभार माना, कारण काठीने गेलेली बोली परत आलीय. त्या दिवशी घरात कोणी काठी उचलली तर मागचं सगळं पाण्यात जाईल. मुलालाही हेच शिकवा, बाळ्या गुरगुरला की हात मागे, आणि येऊन आईला सांगायचं. खाताना, झोपलेला असताना, आजारी असताना त्याला हात लावायचा नाही, गळ्यात पडून मिठी मारायची नाही, कुत्र्यांना मिठीत अडकल्यासारखं होतं. आणि सध्या तरी मुलगा आणि बाळ्या दोघंच एका खोलीत नकोत, मोठं माणूस हवंच.

नाही जमलं, परत चावायचा प्रयत्न केला, तुम्हालाच भीती वाटायला लागली, तर डॉक्टरांना विचारून मार न देता शिकवणारा माणूस शोधा. जो ट्रेनर पहिल्याच दिवशी "आठ दिवसांत सरळ करतो" म्हणेल, आतमध्ये काटे असलेला पट्टा काढेल किंवा कुत्रा माझ्याकडे सोडून जा आणि बघायला येऊ नका म्हणेल, त्याच्या दारातून बाळ्याला परत आणा.

शेतात सोडायचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, त्याच्या ११ व्या कलमात पाळलेलं जनावर उपाशी-तहानलं पडेल असं सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि कुत्र्याला कायम साखळीला बांधून पुरेसं फिरवायचं नाही हाही त्याच कलमातला गुन्हा आहे. पहिल्यांदा गुन्हा केला तर दंड १० ते ५० रुपये लिहिलाय, जुन्या काळचे आकडे, त्यामुळे कोणी त्याला भीत नाही, मला याचा राग येतो. पण दंड सोडा. गच्चीवर वाढलेला कुत्रा अनोळखी शिवारात सोडला तर तिथल्या कुत्र्यांच्या हद्दीत तो एकटा पडतो, ती त्याला फाडतात, किंवा तो हायवेला लागतो. आणि एकदा माणसाला चावलेला कुत्रा तुम्ही कोणाच्या तरी वस्तीजवळ सोडलेला असतो, तिथेही लेकरं आहेत.

नानांचं शेवटी ठेवलं कारण मला वाटतं हे सगळं त्यांच्यावर आहे. त्यांना मोडीत काढून हे होणार नाही, आणि "तुमच्यामुळे झालं" हे तर त्यांना कोणी म्हणूच नका. नानांनी बैल ठेवले असतील. त्यांना विचारा, गोऱ्हा औताला कसा लावायचा. ते सांगतील, पहिल्याच दिवशी नांगराला जुंपत नाहीत, आधी नुसतं मानेवर जू ठेवतात, जुन्या शहाण्या बैलाच्या जोडीला चालवतात, हलकं ओंडकं ओढायला देतात, थकायच्या आत सोडतात, वर ढेप चारतात. ज्याने गोऱ्ह्याला पहिल्या दिवसापासून पराणी टोचली त्याचा बैल जन्मभर मारका राहिला हेही त्यांना ठाऊक असणार, आणि टोकदार आरीची काठी वापरायला तर १९६५ च्या नियमांपासून मनाई आहे. पोळ्याला बैलाला नदीवर नेऊन घासून आंघोळ घालणारा, शिंगं रंगवणारा, स्वतःच्या आधी त्याला पुरणपोळी देणारा माणूस जनावराशी कसं वागायचं हे विसरलेला नसतो, त्याला फक्त कोणी सांगितलं नाही की कुत्रंही तसंच शिकतं.

म्हणून हात बरा झाला आणि बाळ्या तुमच्या चिकनची वाट बघायला लागला की पुढचं काम नानांना द्या. लांब उभं राहून, काठी घरात ठेवून, एक तुकडा टाकायचा आणि निघून जायचं. आधी सात-आठ फुटांच्याही मागून, कारण बाळ्याला त्यांची भीती जास्त आहे. पहिले काही दिवस बाळ्या तो तुकडा उचलणारही नाही कदाचित, नानांना वाईट वाटेल, त्यांच्याजवळ उभ्या राहा.

महिन्याने मला लिहा, वाटीपासून नाना किती फुटांवर पोचले ते. आणि दवाखान्यातून येताना दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, नाना विसरतील.